सहा मीटरचा गोल

नोलीन गेडिसला या सगळ्यातून काय मिळणार होते? पहिली नजर. बस्स, एवढेच. पण तिच्या लेखी ते फार होते, मित्रांनो. का, ते कळायला आधी माझी ओळख व्हायला हवी.

मी एक जुना गोल आहे. कागदावरचा नव्हे, संगणकातला. मॅनिओटोटोच्या पठारावर नोलीनचे पाट्या आणि लेबले करण्याचे दुकान आहे. एकोणीस वर्षांपूर्वी तिथल्या चित्र काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये तिने मला काढले, एका मधाच्या बरणीसाठी. गोल म्हणजे एक अखंड रेघ, असे तुम्हाला वाटत असेल. माझे तसे नाही. त्या प्रोग्रॅमला खरा गोल येतच नाही. तो चार वाकड्या रेघा घेतो, अदृश्य दांड्यांनी त्यांना ताणून-वाकवून नीट करतो आणि टोकाला टोक जुळवतो. आठ जागी मी अगदी खरा असतो. त्या आठ जागांच्या मधे मात्र पोट किंचित सुटते. किती? बरणीच्या लेबलावर केसाच्या जाडीचा जेमतेम आठवा हिस्सा. एवढ्यासाठी कोण कशाला तक्रार करील?

कोणी केली नाही. मध विकला गेला. मग मी बेकरीच्या पाटीवर गेलो, रग्बी संघाच्या बिल्ल्यावर गेलो, पाण्याच्या टाकीवर गेलो. "काय गोल आहे बघ!" असे लोक म्हणायचे आणि मीही ते खरे धरून चाललो. नोलीन काटकसरी बाई. नवे काम आले की ती मलाच उचलून लहान-मोठा करायची. मला मोठा केला की माझे पोटही मोठे होते, हे तिला कोणी सांगितले नव्हते आणि मला सांगता येत नाही.

आता तिच्या वडिलांकडे येऊ. मर्डो गेडिस, वय शहाऐंशी. त्यांनी अकरा वर्षे गॅरेजमध्ये उभे राहून, काचेवर काच घासून, दुर्बिणीचा आरसा हाताने घडवला होता. गावातल्या दुर्बीण मंडळाने त्या आरशासाठी टेकडीवर खोली बांधली. वरचा घुमट फिरता हवा, म्हणजे त्याची फट आकाशात हव्या त्या बाजूला वळवता येते. मर्डोंच्या उजव्या डोळ्याला मधले दिसेनासे झाले होते, कडेचे तेवढे दिसायचे. डाव्याबद्दल डनीडन शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "ही थंडी संपायच्या आत काय बघायचं ते बघून घ्या."

मर्डोंना शनीचे कडे बघायचे होते, आपल्या आरशातून. मंडळाचा रिवाज असा की ज्याच्या हातून शेवटचे काम पुरे होईल, त्याची पहिली नजर. बाकीचे यादीप्रमाणे, आणि यादीत मर्डो सत्ताविसावे. त्यांना दया म्हणून पुढे घेतले असते तर ते घरी निघून गेले असते. म्हणून घुमटाखालचे ॲल्युमिनियमचे कडे, म्हणजे शेवटचे काम, नोलीनने मागून घेतले. पहिली नजर मिळवायची आणि वडिलांच्या हातात ठेवायची.

कापायच्या मशीनला नुसता मध्य आणि त्रिज्या सांगितली असती तर त्या मशीनने खरा गोल कापला असता. पण नोलीनने मला उचलले आणि सहा मीटरचा केला. पडद्यावर रुंदी सहा मीटर, उंची सहा मीटर, दशांश चिन्हापुढे शून्यावर शून्ये. ती खूश झाली.

जूनच्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीच्या, एका शनिवारी सगळे टेकडीवर जमले. प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणले होते, त्यात चीज रोलची ताटे चार. कडे बसवले, त्यावर घुमट बसवला आणि ढकलला. तो थोडा फिरला आणि अडला. जोर लावला, सुटला, पुन्हा अडला.

कड्याला बाजूने धरणारी चार चाके रावीरीने बसवली होती. रावीरी टिपेने, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर. चाकांत आणि माझ्यात त्याने अर्धा मिलिमीटर फट ठेवली होती.

"चाळीस वर्षं रेल्वेत काढलीस ना रे?" मर्डो खुर्चीतून म्हणाले. "गाड्या का उशिरा यायच्या, ते आज कळलं."

"उशिरा यायच्या, पण यायच्या," रावीरी म्हणाला. "तुझा आरसा अकरा वर्षं येतच होता."

नोलीन मात्र नीटस बाई. तिने पोलादी टेप घेतली, मध्यापासून आधी चार दिशांना मोजले, मग त्यांच्या बरोबर मधल्या चार दिशांना. आठही ठिकाणी तीन मीटर. "कडं बरोबर आहे," ती म्हणाली. "रावीरी, तुमची चाकंच बघा."

नेमक्या त्याच आठ जागा, मित्रांनो! नीटस माणसे जिथे मोजतात तिथेच मी खरा असतो.

रावीरीने चाके काढली, घासली, पुन्हा बसवली. पुन्हा काढली. दोन आठवडे गेले. मंडळातले लोक त्याला येता-जाता विचारू लागले, "काय, सिग्नल मिळाला का?" तो हसायचा आणि पाना उचलायचा. त्याच दिवसांत मर्डो एकदा चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवून बसले. नोलीनने तुकडे गोळा केले आणि कोणालाच सांगितले नाही.

तिसऱ्या सोमवारी रावीरीने चाकांना हात लावला नाही. जिथे जिथे अडते तिथे कड्यावर खडूची खूण केली. एका फेऱ्यात आठ खुणा झाल्या. मग तो दुकानात आला.

"नोलीन, टेप घे आणि चल. त्या दिवशी मोजलंस तिथे नको. मधे मोज, खडूवर."

ती गेली. मोजले. "तीन मीटर आणि... जवळजवळ एक मिलिमीटर." पुढची खूण. तेवढेच. ती तिथेच बसली. "पण संगणकावर तर बरोबर दिसत होता हो!"

"तो खोटं नाही बोलला. तू विचारलंस तेवढंच त्याने सांगितलं."

"तुम्हाला दोन आठवडे नावं ठेवली मी."

"तू एकटीनेच कुठे? सगळ्यांनीच. ऊठ आता."

त्याने मध्यावर खुंटी ठोकली, तिला तीन मीटरचा दांडा अडकवला, दांड्याच्या टोकाला घासायचे यंत्र बांधले आणि माझी आठ पोटे उतरवली. त्याला पाच दिवस लागले. घुमट एका बोटाने फिरला.

शेवटचे काम आता रावीरीच्या हातचे झाले होते, म्हणून पहिली नजरही त्याची. त्या रात्री दुर्बिणीच्या शिडीखाली उभा राहून तो म्हणाला, "मर्डो, ये."

"मला कोणाची दया नको."

"दया कसली? दोन आठवडे टोमणे मारलेस, आता एक गोष्ट माझी ऐक. चढ."

मर्डो चढले. नोलीनने खालून विचारले, "शनीचं कडं दिसतंय का, बाबा?"

मर्डोंनी डावा डोळा भिंगाला लावला. "मधे काही नाही गं. नुसतं भोक."

तिने दुर्बीण नरतुरंग नक्षत्रातल्या तारकागुच्छाकडे वळवली. अंधुक गोष्ट सरळ बघायची नसते, जरा बाजूला बघायचे असते, हे मर्डोंनीच तिला लहानपणी शिकवले होते. त्यांनी डोळा बाजूला वळवला.

"हां," ते म्हणाले. "हा दिसतोय. साखर सांडल्यासारखा."

मग ते उतरले आणि रांगेला वाट करून दिली.

माझी फाइल अजून दुकानात आहे. माझ्या नावापुढे नोलीनने लिहिले आहे, "फक्त लेबलांसाठी." मला राग नाही. मित्रांनो, माझ्यासारखे पुष्कळ गोल तुमच्या आसपास असतील. त्यांना जरूर वापरा, पण मोठे करण्याआधी एकदा मधे मोजा.

आता हिशेब. रावीरीने तीन आठवडे दिले, आणि पहिली नजर दिली. नोलीनने ती पहिली नजर गमावली. त्या तीन आठवड्यांपायी मर्डोंनी शनीचे कडे दिले. चूक माझी होती, आणि मी काहीच दिले नाही.