घोडीच्या शेपटीचा कुंचला

टक्कल पडलेला म्हातारा कुंचला, अशी कुणी पूर्वी माझी ओळख करून दिली असती, तरी मला राग आला नसता. माझे मालक मीन शौछंग यांच्याही पांढऱ्या टोपीखाली फारसं काही उरलेलं नाही. चीनमधल्या लिनशिया गावी, मशिदीमागच्या गल्लीत आम्ही दोघांनी तीस वर्षं कुराणातल्या आयती लिहिल्या. अक्षरं अरबी, वळणं मात्र अस्सल चिनी.

मला त्यांनी घरीच बांधलं, घोडीच्या शेपटीच्या केसांनी. बाजारच्या कुंचल्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. आयत लिहायची तर आधी वजू करून हात-तोंड धुवायचं. मग हातात डुकराच्या केसांचा कुंचला कसा चालेल?

मालकांच्या मुलीचं, श्यूयुनचं लग्न ठरलं. "बाबांनी लिहिलेली आयत मिळाल्याशिवाय मी सासरी जायची नाही," असं तिनं बजावलं. माझे तर केस गळायला लागले होते. तेवढ्यात होणारा जावई ज्यानपिंग, गणिताचा मास्तर, मोठ्या हौशीनं कोरा कुंचला घेऊन आला.

बाबांनी त्या कुंचल्याचा एक केस उपटून उजेडात धरला. टोकाला फाटे फुटलेले.

"डुकराचा आहे! यानं आयत लिहू मी?"

"दुकानदार घोड्याचा म्हणाला हो, बाबा."

"आणि तुम्ही बघितलंही नाहीत? लग्नाचं आता नंतर बघू."

चहा तसाच टाकून बिचारा निघून गेला. श्यूयुन दाराआड रडत होती. मलाही फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी स्वारी लंगडत हजर! रुमालात काळ्याभोर केसांचा झुपका.

"मामाच्या घोडीचे आहेत. मी स्वतः कापलेत."

"आणि पायाला काय झालं?"

"तिला विचारलं नव्हतं ना."

बाबा इतके हसले की टोपी घसरली. "श्यूयुन, चहा आण गं! खडीसाखर जरा जास्त टाक."

माझ्या जुन्याच बांबूच्या दांडीत ते केस बसले. बाबांनी आयत लिहिली आणि पाठवणीच्या वेळी मला लेकीच्या हातात ठेवलं. "आता तू लिही," एवढंच म्हणाले.

हल्ली मी श्यूयुनच्या घरी असतो. कुंचला वापरणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: काम झालं की आम्हाला धुऊन, टोक खाली करून टांगा. पेल्यात टोकावर उभं ठेवलंत की आमची कंबर मोडते.

परवा बाबा आले. लेकीनं लिहिलेल्या आयतीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी वजू केला, बाह्या सरसावल्या आणि तिच्यासाठी दगडावर शाईची कांडी घासायला बसले.