दारात उभी असलेली

मी एक जुनी वाइड अँगल लेन्स आहे, मित्रांनो. कॅमेऱ्याच्या तोंडाशी बसणारे एक भिंग. लेन्सने बोलावे की नाही, याची मला शंकाच आहे. आमचे काम पाहण्याचे. पण तीस वर्षे जे पाहिले त्यातले थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. कंटाळा आला तर खुशाल उठून जा, मला राग येणार नाही.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. काचा घासून, त्यांवर पातळ लेप चढवून त्या एका काळ्या नळीत एकामागे एक बसवल्या, की झाले मी. माझा गुण एकच : अरुंद जागेतूनही मला पुष्कळ दिसते. अवगुणही एकच. मध्ये मला लख्ख दिसते, पण कडेला उजेड कमी पडतो, चेहरा पुसट होतो आणि माणूस जरा आडवा ताणला जातो.

श्रीरंगरावांनी मला करोल बागेतल्या एका दुकानातून आणले, तेव्हा ते दिल्लीत एका मंत्रालयात नोकरीला होते आणि सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्यांत राहत होते. बाहेरची खोली एवढीशी. फोटो काढायला चार पावले मागे जावे, तर पाठ भिंतीला टेके. माणसे मात्र सदा भरलेली : गणपतीला आलेली मंडळी, परीक्षेच्या तयारीसाठी गावाहून आलेली भाचरे, बदली होऊन निघालेले शेजारी. मी त्या साऱ्यांना एका चौकटीत घेत असे. "काय लेन्स आहे! सगळे आले!" असे लोक म्हणत, आणि मी मनातून सुखावत असे.

सगळे आले, हे खरे नव्हते. खोलीच्या उजव्या कडेला स्वयंपाकघराचे दार होते. फोटोची वेळ झाली की श्रीरंगराव आत हाक देत, "अगं, येतेस ना?"

"तुम्ही घ्या काढून, मी आहे इथेच," असे म्हणत त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई पदराला ओले हात पुसत त्या दारात येऊन उभ्या राहत. दर वेळी तिथेच, माझ्या अगदी कडेला. फोटो धुऊन आले की त्या हसत. "अहो, केवढी रुंद केलीत मला! दार आणि मी एकाच मापाचे दिसतोय!"

त्यांच्याबरोबर सगळे घर हसे. मीही हसले असेन.

पुढे मोबाइल आले आणि मी कपाटात गेले. माझ्या काचेवर बुरशीचे दोन बारीक धागे उमटले. श्रीरंगराव निवृत्त झाले, मुलीकडे, उत्तराकडे, गुरुग्रामला राहायला आले. गेल्या वर्षी वैजयंतीबाई गेल्या. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून उत्तराने सारे अल्बम काढले.

"बाबा, एवढे फोटो, आणि एकातही आई धड नाही! हे बघा. अर्धं दार, अर्धी आई."

श्रीरंगरावांनी अल्बम मिटला. मग हळूच म्हणाले, "लेन्सच तशी होती गं."

ते मी ऐकले. मित्रांनो, खोटे तरी कसे म्हणू? शेवटी ओळखपत्रावरचा चेहरा मोठा करून भिंतीवर लागला. त्यात त्या हसत नाहीत.

वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक येणार होते. "आता कुणी पुसट राहायला नको," असे म्हणत श्रीरंगरावांनी माझीच नवी आवृत्ती घ्यायचे ठरवले. पण माणूस भिडस्त. दोन रविवार करोल बागेत जाऊन नुसते बघून परत आले. तिसऱ्या रविवारी मला खिशात टाकून निघाले, आणि उत्तराही आपला डिजिटल कॅमेरा घेऊन सोबत आली.

"बाबा, माझ्यासाठी मुलगा बघतानासुद्धा तुम्ही एवढा वेळ लावला नव्हता!"

दुकानदार म्हणाला, "अंकल, पुरानी दे जाइए, नयी ले जाइए. पहले दोनों से खींचकर देख लीजिए."

उत्तरा कडेच्या फडताळापाशी उभी राहिली. हातावर चहा सांडला होता, तो ती ओढणीला पुसत होती. आधी श्रीरंगरावांनी माझ्यातून फोटो काढला. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर उजव्या कडेला जरा अंधारात, जरा रुंद, हात पुसणारी एक बाई दिसली.

"वैजू," श्रीरंगराव पुटपुटले.

मग नवीची पाळी. तिचे कोपरे खरोखर स्वच्छ होते. मला हेवा वाटला. उत्तराचा चेहरा लख्ख आला, पण रुंद तो रुंदच.

"ये भी फैलाती है?" श्रीरंगरावांनी विचारले.

"वाइड है, अंकल. नयी हो या पुरानी, किनारे वाला तो खिंचेगा ही. जिसका चेहरा चाहिए, उसको बीच में बुला लीजिए."

एवढी साधी गोष्ट! श्रीरंगरावांनी मला उचलले, रुमालात गुंडाळले आणि खिशात ठेवले.

"अहो बाबा, मग नवी नाही घ्यायची? चांगली तर आहे!"

"चांगली आहे. पण चूक हिची नव्हती. मी उगाच हिच्यावर ढकलली."

वर्षश्राद्धाचे जेवण झाले. पाहुणे निघायच्या आधी फोटोसाठी दाटीवाटीने उभे राहिले. श्रीरंगरावांनी मला कॅमेऱ्यावर चढवले आणि विचारले, "उत्तरा कुठे आहे?"

"चहा टाकलाय, बाबा," आतून आवाज आला. "तुम्ही घ्या काढून, मी आहे इथेच."

श्रीरंगरावांचा हात थांबला. त्यांनी कॅमेरा टेबलावर ठेवला. मला तिथून स्वयंपाकघराचे दार दिसत होते, माझ्या सवयीप्रमाणे जरा पुसट. ते आत गेले, गॅस बंद केला आणि मुलीला हाताला धरून बाहेर घेऊन आले.

"बाबा, अहो, केस तरी विंचरू द्या!"

"राहू देत," ते म्हणाले, आणि तिला अगदी मधोमध उभे केले.

मित्रांनो, मी बुरसटलेली असेन, पण मध्ये मला अजूनही लख्ख दिसते. उत्तराच्या कपाळावरची पिठाची बोटेसुद्धा आली त्या फोटोत. वैजयंतीबाईंचा तसा फोटो माझ्या हातून कधी निघाला नाही, आणि आता निघणारही नाही.

माझ्यासारख्या लेन्सला कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून ऊन दाखवा, एवढे मागणे आहेच. पण त्याआधी दुसरे आहे. फोटो काढताना घरातल्या कुठल्याही दारातून "मी आहे इथेच" असे ऐकू आले, तर कॅमेरा खाली ठेवा आणि आत जाऊन आधी गॅस बंद करा.