बिल्ला नंबर नऊ

त्या दुकानाचं नाव मी घेत न्हाई, तोंड कडू होतं. पुण्याला कॅम्पात होतं, काचेचं, पंख्याखालचं. परदेशी खेळणी विकायचं. आमच्यासारख्यांनी बाहेरूनच बघायचं दुकान ते. पण आमच्या यांना आत जाणं भाग पडलं.

हे म्हणजे भीमराज. पिंपरीला एका कंपनीत टूलरूमचे फिटर. मशिनी बसवायला एक जर्मन साहेब आला होता, तो अठ्ठ्याहत्तर साली परत जाताना यांना एक खोकं देऊन गेला. आत खेळण्यातली आगगाडी. विजेवर पळणारं इंजिन, तीन डबे अन् ढीगभर रूळ. यांनी प्लायवूडच्या फळीवर रूळ ठोकले, पॅकिंगच्या लाकडातनं छोटं चिंचवड स्टेशन केलं आणि ती फळी मामंजींच्या खाटेला लावून दिली.

मामंजी म्हणजे यांचे वडील, कोंडीराम. रेल्वेत ट्रॉलीमन होते. साहेब ट्रॉलीवर छत्रीखाली बसायचा आणि मामंजी अनवाणी रुळावरनं पळत ती ढकलायचे. एकतीस वर्षं ढकलली. रिटायर झाले आणि वर्षाच्या आत उजवं अंग गेलं. डॉक्टरनं बजावलं, "म्हाताऱ्याला रोज उठवून बसवा. निजून राहिला तर छाती भरेल, मग माझ्याकडं येऊ नका." बसवणार कसं? हात लावला की शिव्या. एकदा तर माझ्या तोंडावर भाताचा घास थुंकले. मी बी काय कमी न्हाई, उपाशी ठेवलं एक दिवस.

गाडी आली आणि म्हातारा बदलला. डाव्या हाताला कंट्रोलचं बटण दिलं यांनी. ते फिरवलं की गाडी सुटायची, उलटं फिरवलं की थांबायची. सकाळ झाली की हाक, "प्रभावती, बसीव मला, गाडीचा टाइम झाला." उशांना टेकून दुपारपर्यंत बसायचे. चिंचवडला गाडी थांबवून स्वतःच हाळी द्यायचे. भाकरी मागून खाय लागले. खरं सांगते, मलाबी त्या गाडीचा लळा लागला होता.

मग एके दिवशी इंजिन अडकाय लागलं. यांनी उघडून बघितलं. मोटरीतला कार्बन झिजला होता, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. यांनी मोठ्या मोटरीचा कार्बन घासून बसवला, पण तो कडक. ठिणग्या उडाय लागल्या. "मोटर जळेल, ओरिजिनलच पाहिजे," म्हणाले, आणि गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीला, इंजिन कापडी पिशवीत घालून पुण्याला गेले.

दारात पिशवी ठेवून घ्यायची पद्धत होती, तिच्या बदल्यात पितळी बिल्ला मिळायचा. यांनी इंजिन काढून हातात घेतलं, पिशवी ठेवली. काउंटरवर चष्मेवाला मालक. त्यानं इंजिन बघितलं, यांना बघितलं, आणि पहिला प्रश्न काय, तर "हे तुझ्याकडं कसं आलं? कुठून उचललंस?"

यांनी हात जोडून सगळी हकीकत सांगितली. मालक म्हणाला, "माल मुंबईहून मागवावा लागेल. नमुना ठेवून जा."

आता आमच्या यांची अक्कल बघा. टूलरूमला काय पद्धत असते, आपलं पितळी टोकन खिळ्याला अडकवायचं आणि हत्यार घ्यायचं. टोकन हाय म्हणजे वस्तू हाय. बारा वर्षांत कधी कागद लागला न्हाई की भांडण झालं न्हाई. म्हणून हे मालकाला म्हणाले, "साहेब, टोकन?" मालक खदखदून हसला. दारावरच्या फळीवरनं पिशव्यांचा एक बिल्ला काढला, नंबर नऊ, आणि यांच्या पुढ्यात टाकला. "घे तुझं टोकन!" जाताना दारातला पहिला बिल्ला देऊन यांनी पिशवी बी परत घेतली. हे खुशीत घरी. बिल्ला मला दाखवून डब्यात ठेवला. मलाबी काही वाटलं न्हाई. मीबी कामगाराचीच बायको.

मामंजींना यांनी सांगितलं, "बाबा, इंजिन वर्कशॉपला गेलंय, ओव्हरहॉलिंगला." मामंजींनी मान हलवली. "ओव्हरहॉलिंगला टाइम लागतोच. तवर लाइन क्लिअर ठिवा." आणि रोज उठून बसायचे. बंद बटणावर हात, नजर रुळावर. रूळ पुसून घ्यायचे माझ्याकडनं. गाडी नसताना म्हातारा गाडीसाठी बसत होता, दुसरं काय.

पुढच्या गुरुवारी मालक म्हणाला, "आला नाही माल." त्याच्या पुढच्या गुरुवारी म्हणाला, "गर्दी आहे, बाजूला थांब." मोटारीतनं उतरलेली माणसं येत होती, जात होती, हे दोन तास भिंतीला टेकून. मग मालक म्हणाला, "उभाच आहेस तर वरची खोकी काढून दे." यांनी काढली. तिथनं पुढं दर गुरुवारी हेच. हे जायचे, माळ्यावर चढायचे, खोकी उतरवायचे, धूळ झटकायचे आणि "पुढच्या गुरुवारी बघू" ऐकून यायचे. वर मला सांगायचे, "माणूस वाईट न्हाई गं, आता ओळख झालीय." ओळख! हमाल मिळाला होता त्याला फुकटचा.

सहाव्या गुरुवारी मी गेले यांच्याबरोबर. दुकानापाशी आलो. काचेत आमचं इंजिन पळत होतं. नव्या डब्यांना जोडलेलं, गोल गोल. छपरावरचा ओरखडा बी तोच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे मात्र हसले. "दुरुस्त केलं बघ त्यांनी!"

आत गेलो. यांनी दोन्ही हातांनी बिल्ला काउंटरवर ठेवला. "साहेब, झालं वाटतं काम."

"कसलं काम?"

"इंजिन, साहेब. काचेतलं."

"ते दुकानाचं आहे. पावती आहे तुझ्याकडं?"

"हे टोकन दिलंत की तुम्ही."

मालकानं बिल्ला उचलून गिऱ्हाइकांना दाखवला. "हा पिशव्यांचा बिल्ला आहे. पिशवी कुठंय तुझी? नेलीस ना त्याच दिवशी? म्हणजे बिल्ला चोरून नेलास. दीड महिना शोधतोय आम्ही!" गिऱ्हाइकं हसली. एक बाई तर पदर तोंडाला लावून हसत होती.

मी बोलले, भरपूर बोलले. चोर तो चोर वर शिरजोर, म्हणाले. मालक शांतपणे म्हणाला, "बोलावू का पोलीस? बिल्ला तुझ्याच नवऱ्याकडं सापडलाय." मी काच फोडायला काउंटरवरचं कागद दाबायचं वजन उचललं होतं. यांनी माझा हात धरून मला बाहेर ओढलं. ओढत असताना मागं वळून मालकाला म्हणाले, "माफ करा, साहेब."

माफ करा! लोकलनं परत आलो. घरात पाय टाकला आणि मी सुरू झाले. "षंढासारखे उभे राहिलात! फुकटची खोकी उचललीत त्याची! ज्यानं लुटलं त्याचीच माफी मागता?"

"हळू बोल, बाबा ऐकतील," हे म्हणाले.

मामंजी बसलेलेच होते, बटणावर हात ठेवून. "काय झालं रं? गाडी आली?"

"येतीय, बाबा. ओव्हरहॉलिंग..."

"काय येतीय!" मी किंचाळले. "कसलं ओव्हरहॉलिंग घेऊन बसलाय, मामंजी? तुमच्या पोरानं ते इंजिन स्वतःच्या हातानं चोराला नेऊन दिलं. येणार न्हाई ते आता. मरेस्तोवर बसलात तरी येणार न्हाई!"

मामंजींनी यांच्याकडं बघितलं. "खोकी उचलली व्हय रं तू त्येची?"

"व्हय, बाबा."

म्हाताऱ्यानं बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला. मला म्हणाला, "उशा काढ, पाठ टेकीव माझी."

दुसऱ्या दिवशी उठवायला गेले तर अंग सैल सोडून दिलं. आम्ही दोघं मिळून बसवाय गेलो, कलंडून पडले. शिवी न्हाई, थुंकणं न्हाई. मी पाया पडले, चुकले म्हणाले, खोटं बोलले की इंजिन मिळालंय. त्यांनी डोळे मिटून घेतले. आठव्या दिवशी छातीत घरघर सुरू झाली, अकराव्या दिवशी गेले.

माती झाल्यावर हे मला म्हणाले, "तुझा काय दोष? त्या दुकानदारानंच मारलं बाबांना." मी व्हय म्हणाले. अजून विषय निघाला की हे तेच म्हणतात, आणि मी व्हयच म्हणते.