प्रफुलच्या गाडीची सीट

"सीटची अशी चाळण काऊन करून ठेवली, प्रफुल?" प्रेमदासनं फाटक्या रेक्झिनमध्ये बोट घातलं.

"उन्हानं तडकली, भाऊ. हर्षाची साडी अडकून राह्यली तिच्यात. मस्त बनवून देजो."

हर्षाचं नाव निघालं आणि प्रेमदासच्या पोटात दुखायला लागलं. सेलूच्या स्टँडजवळचं हे सीटकव्हरचं दुकान त्यानं ज्या वर्षी टाकलं, त्याच वर्षी त्याच्या घरचे हर्षाला मागणी घालणार होते. पण या प्रफुलचं नोकरीवालं स्थळ आधी येऊन पोचलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी ही जोडी मोटरसायकलवरून दुकानासमोरून जायची. सेलूत दुसरा रस्ताच नाही की काय, देव जाणे.

प्रफुल गेल्यावर त्यानं जुनं कव्हर उसवलं. सीटकव्हरवाल्यापासून काय लपतं? रोज बसून बसून खालच्या फोमला खळगे पडतात. पुढे प्रफुलचा खळगा होता. हर्षाचा पार मागे, दांड्याला चिकटून होता. मधला फोम कोरा करकरीत. प्रेमदासला इतका आनंद झाला, की त्यानं स्वतःसाठी चहा सांगितला. म्हणजे एवढ्या वर्षांत ती त्याला टेकलीसुद्धा नव्हती!

मग हे अंतर कायमचं का करू नये? त्या दिवसांत मागून उंच सीटची नवी फॅशन निघाली होती. त्यानं मागचा फोम चांगला चार बोटं उचलला. ती वर, तो खाली, मध्ये पायरी. वरून नागपूरचं काळंभोर चकचकीत रेक्झिन असं ताणून बसवलं, की बघणाऱ्यानं त्यात भांग पाडावा. त्याचा बाप बैलांना जुंपायची चामड्याची जोती शिवायचा. तो सांगायचा, चामडं माणसाला धरून ठेवते, या नकली मालावरून माशीही घसरते. पण जळणाऱ्या माणसाला तेव्हा बाप कशाला आठवेल?

आठवड्यानं हर्षा स्वतः दुकानाशी उतरली. प्रफुल गाडी चालू ठेवूनच थांबला होता.

"प्रेमदासभाऊ, काय सीट बनवली जी तुम्ही!"

"काऊन? तरास होते का?" त्यानं आशेनं विचारलं.

"तरास कायचा? पयले मी मांगचा दांडा धरून बसो. चारचौघात यायले हात लावाची लाज वाटे मले. आता बिरेक लागला का घसरून यायच्याच पाठीवर जातो मी. धरल्याशिवाय इलाजच नाई." ती लाजून हसली. लग्नाला सात वर्षं झालेली बाई, पण नव्या नवरीसारखी लाजली. "हे तं म्हणतेत, प्रेमदासले मिठाई द्या लागते."

"राहू द्या," तो म्हणाला. "धंदाच आहे आपला."

ती गाडीवर बसली. बसल्याबरोबर पुढे घसरली आणि तिनं प्रफुलच्या खांद्यावर हात ठेवला. वळणापर्यंत रस्ता सरळ होता, ब्रेक कुठेच लागला नाही. तिनं हात काही काढला नाही.