चुगल्यांचा ढीग

"ताई, पुन्हा तुंबलं!" चष्मिस ओरडली.

ताई चहा तसाच टाकून पडद्यापाशी आल्या. आडवी राहायला हवी ती हिरवी रेघ चढणीला लागली होती.

शेजारच्या खोलीत क्वांटम संगणकाची चाचणी चालू होती. त्यातले क्यूबिट, म्हणजे माहिती साठवणारे सूक्ष्म घटक, भारी नाजूक. थेट बघायला जावं तर माहितीच पुसली जायची. म्हणून मधले तपासनीस क्यूबिट 'इथं जवळपास काहीतरी बिघडलंय' एवढीच चुगली करत. नेमकं काय बिघडलं, ते ताईंच्या प्रोग्रॅमने ओळखायचं. तो ओळखायचाही अचूक. पण चुगल्यांच्या जोड्या जुळवत बसेपर्यंत नव्या चुगल्यांचा ढीग साचायचा आणि हिरवी रेघ चढायची. उमेदीची सगळी वर्षं ताईंनी त्यात घातली होती. लग्नाच्या दिवशीही बाई त्याचंच बोलत होती, असं त्यांचा नवरा रंगवून सांगे.

"माझा प्रोग्रॅम लावून बघू?" चष्मिसने बिचकत विचारलं. ताईंच्या हाताखाली येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. तिची पद्धत सुटसुटीत. प्रत्येक चुगलीभोवती वर्तुळ वाढवायचं, वर्तुळं भिडली की एकत्र करायची आणि तेवढ्यातल्या तेवढ्यात निकाल लावायचा.

"ढोबळ आहे गं ते. चुका जास्त सुटतात."

"थोड्याशाच, ताई. पण उत्तर वेळेवर येतं."

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. संध्याकाळी यंत्र दुसऱ्या गटाकडे जाणार होतं. हट्ट धरला तर सगळ्यांचीच मेहनत पाण्यात. त्यांनी स्वतःच्या हाताने आपला प्रोग्रॅम बंद केला.

"लाव तुझा."

रेघ जराशी थरथरली आणि आडवी झाली. आडवीच राहिली. चाचणी संपली तेव्हा साठवलेली माहिती शाबूत होती. चष्मिसने ताईंना अशी मिठी मारली की चष्मा ताईंच्या केसांत अडकला.

"अगं सोड, जीव घेतेस की काय!" ताई खदखदून हसल्या.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "काय, झालं का पास तुझं लाडकं?"

"माझं नापास. पोरीचं पास झालं."

"मग हसतेयस की रडतेयस?"

"हसतेय रे. दुसरं जरा वेळाने विचार."

फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले आणि चष्मिसशेजारी स्टूल ओढलं.

"हं, आता समजाव. पहिल्यापासून. आणि सावकाश सांग हं!"