एक जुलैची माणसं

"मॅडम, इकडं या, इकडं या! पाहा तर, पोरगं काय करून राहिलं!"

पोरगं कसलं, गोवर्धनभाऊंच्या टेबलावर लॅपटॉप होता. दीपमाला वानखडे अर्धा डबा तसाच ठेवून उठली. भाऊ खुर्चीच्या टोकावर येऊन पडद्याकडं असे पाहत होते, जणू घरात पहिलं नातवंड उभं राहतंय. पडद्यावर ओळींमागून ओळी उमटत होत्या. भाऊंनी एआयला मराठीत, तेही अस्सल वऱ्हाडीत सांगितलं होतं, की बाबू, आमच्या अकोटच्या संस्थेच्या अठरा शाळा आहे, त्याईचं दाखल-खारीज रजिस्टर नव्यानं करून दे. आणि बाबू करून देत होता. ज्या कामाला दीपमालेनं आठ महिने लागतील म्हणून सांगितलं होतं, ते चाळीस मिनिटांत उरकत आलं होतं.

"मले यातली एक ओळ समजत नाई बरं," भाऊ खुशीत म्हणाले. "पन चालते! बटन दाबलं की चालते!"

गोवर्धनभाऊ मुळात प्रिंटर विकणारा माणूस. सोळा वर्षांपूर्वी त्यांनी अमरावतीत राजापेठेतल्या मोबाइलच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या, तेव्हा पहिली प्रोग्रामर ठेवली ती दीपमाला. अकोटच्या संस्थेचं रजिस्टर तिनंच लिहिलं होतं. दाखल-खारीज म्हणजे पोरगं शाळेत कधी आलं, कधी गेलं, त्याची जन्मतारीख काय, जात काय, याची नोंद. ऐकायला रुक्ष, पण त्या एका ओळीवर इथं माणसांची आयुष्यं टांगलेली असतात. नातवाची जात पडताळणी असली की आजोबाच्या पहिलीतल्या दाखल्याची नोंद लागते. ती नसली की कॉलेज अडलं, नोकरी अडली. दीपमालेची स्वतःची इंजिनीअरिंगची जागा बापाच्या अशाच एका ओळीनं वाचवली होती. म्हणून तिला ते काम कधी रुक्ष वाटलं नाही. लग्नाचं जमता जमता राहून गेलं, आई म्हातारी झाली, रजिस्टर मात्र ती पोटच्या पोरासारखं सांभाळत आली.

भाऊ जरा गंभीर झाले. "मॅडम, तुमाले आशेवर नाई ठेवत. दिवाळीत दोन पोरं कमी केले, तुमी पायलंच. अकोटवाल्याईनं हे पास केलं, तं प्रोग्रामर ठेवाचं कामच राहत नाई. आता तुमीच तपासा. मोठी चूक निघाली तं तुमचं जुनंच चालू ठेवू. मायी जबान आहे."

माणूस खोटा नव्हता, हीच तर पंचाईत. खोटा असता तर भांडता तरी आलं असतं.

दीपमाला तपासायला बसली. आणि स्वच्छ सांगायचं तर ती चूक शोधायलाच बसली. जुन्या रजिस्टरातल्या ब्याऐंशी हजार नोंदी तिनं नव्यात ओतल्या. दोन दिवस झाले, चूक नाही. तिनं मुद्दाम वेडंवाकडं लिहून पाहिलं, यंत्रानं अदबीनं विचारलं, हे असं म्हणायचं आहे का? मेल्याला राग पण येत नव्हता. काही काही ठिकाणी तर त्यानं तिच्यापेक्षा नेटकं लिहिलं होतं. ते वाचताना, नको असूनही, मनातल्या मनात ती वा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं नोंदी मोजल्या. चारशे बारा कमी.

तिला क्षणात कळलं. यंत्रानं दुबार नोंदी काढून टाकल्या होत्या. नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच, जन्मतारीखही तीच, म्हणजे माणूस एकच. पुण्यामुंबईच्या कोणीही असंच केलं असतं. पण त्यांना काय ठाऊक, की अकोट तालुक्यात निम्मी जुनी माणसं एक जुलैला जन्मली आहेत! माय पोराला घेऊन शाळेत यायची. मास्तर विचारायचे, कधीचा? ती सांगायची, पोळ्याच्या करीले झाला जी, त्या साली पऱ्हाटीले कापूस लय आलता. मास्तर तरी काय करणार? पोराच्या अंगापिंडाकडं बघून साल धरायचे आणि पुढं ठोकून द्यायचे, एक जुलै. नावंही मोजकीच. त्यामुळं एकाच गावात, एकाच तारखेचे दोन-दोन जानराव.

पडद्यावर समोरच होता तो: जानराव महादेव तायडे, एक जुलै एकोणीसशे एकावन्न. खरे जानराव दोन. एक शेतकऱ्याच्या घरचा, एक बौद्धपुऱ्यातला. आडनाव दोन्हीकडं चालतं. यंत्रानं वरचा ठेवला, खालचा पुसला. म्हणजे उद्या खालच्या जानरावाचा नातू दाखला काढायला आला, तर हातात पडणार भलत्याच जातीचा कागद. मग तो पोरगा कुठं कुठं सिद्ध करत फिरणार, की माझा आजोबा होता म्हणून?

दीपमालेला आनंद झाला. लाज वाटावी असा आनंद. सापडली होती चूक, आणि केवढी मोठी! ती उठून आधी ग्लासभर पाणी प्यायली.

"भाऊ, सापडली."

भाऊंनी पाहिलं, ऐकलं, कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! गेलतो ना बाराच्या भावात! लोकाईनं आपल्याले उभं नसतं ठेवलं!"

"मग जुनंच ठेवायचं?"

भाऊ मग लॅपटॉप तिच्याकडं फिरवून म्हणाले, "एक डाव त्याले सांगून तं पाहा. तुमीच सांगा, मले एवढं बरोबर सांगता नाई येणार."

तिनं सांगितलं. दुसरं काय करणार होती? पोळ्याची कर, मास्तर, एक जुलै, दोन जानराव, सगळं. दाखल क्रमांक आणि रजिस्टराचं पान वेगळं असेल तर माणूस वेगळा धरायचा, नक्की करायचं ते क्लार्कला विचारूनच. सोळा वर्षांपूर्वी ही अक्कल यायला तिला दोन उन्हाळे अकोटच्या शाळाशाळांतून धूळ खात बसावं लागलं होतं. यंत्राला चार मिनिटं लागली. चारशे बाराच्या चारशे बारा माणसं परत आली. त्यानं आभार मानले आणि खाली लिहिलं: अशा आणखी काही स्थानिक पद्धती आहेत का, ज्या मला माहीत असायला हव्यात?

दीपमाला त्या ओळीकडं बघत राहिली. होत्या ना. कितीतरी होत्या, आणि तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हत्या. नाही म्हणून टाकावं. अकोटवाल्यांचं सहा महिन्यांत काहीतरी बिघडेल, मग येतील धावत, मॅडम, मॅडम करत. भाऊंना काय कळणार होतं? तिनं की-बोर्डवर बोटं ठेवली आणि तशीच बसली.

पण बिघडणार म्हणजे काय बिघडणार? व्याघ्रप्रकल्पामुळं मेळघाटातून उठून अकोटकडं वसलेल्या गावांची पोरं, त्यांच्या जुन्या शाळेचं नावच आता कुठं नाही. कापूस वेचायच्या हंगामात नाव कटलेली आणि दिवाळीनंतर नव्या क्रमांकानं पुन्हा बसलेली पोरं. मामाच्या गावी मामाच्याच आडनावानं शिकलेल्या मुली. न सांगावं तर हे सगळे रजिस्टरातून पुसले जाणार, आणि सांगावं तर ती स्वतः. हे कसलं त्रांगडं! तिला रडू आलं नाही, पण कोणीतरी यावं आणि लॅपटॉप बंद करावा असं फार वाटलं. कोणी आलं नाही.

तिनं सांगायला सुरुवात केली. एकेक सांगत गेली, यंत्र विचारत गेलं, दुरुस्त करत गेलं. भाऊंनी मध्ये चहा आणून ठेवला, तो निवला. ऑफिस बंद करायची वेळ झाली तेव्हा त्यानं पुन्हा विचारलं, आणखी काही?

तिनं खूप आठवून पाहिलं. काही राहिलं नव्हतं.

*

अकोटला दाखवायला भाऊंनी तिलाच पाठवलं. "मले कोनी काई इचारलं तं मी काय सांगू? मी तं निरा बटन दाबतो."

संस्थेच्या हॉलमध्ये सचिव होते, अठरा शाळांचे क्लार्क होते. हेडक्लार्क मैनाबाई पहिल्या रांगेत, चष्मा पुसून तयार. दीपमालेनं नाव टाकलं, जानराव महादेव तायडे. दोन ओळी आल्या, दोन पानं, दोन जाती, आणि शेजारी सूचना: दोन वेगळ्या व्यक्ती, दाखल क्रमांक तपासावा.

"माय व! हे तुमाले सुचते तरी कसं, मॅडम?" मैनाबाई मोठ्यानं म्हणाल्या. "मायी अर्धी नौकरी या एक जुलैवाल्याईत गेली!"

मी नाही केलं, हे तोंडापर्यंत आलं होतं. पण मग काय मी काहीच केलं नाही? तेही खरं नव्हतं. ती नुसती हसली.

अर्ध्या तासात पास झालं. सचिवांनी शिपायाला खूण केली, त्यानं ताट आणलं. हे संस्थेचं नेहमीचं, शाल आणि श्रीफळ. सचिवांनी शाल तिच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला आणि सांगितलं, सोळा वर्षांतलं हे मॅडमचं सर्वांत मोठं काम. टाळ्या पडल्या. मैनाबाईंनी फोटो काढला.

स्टँडवर येताच भाऊंचा फोन आला. "झालं पास?"

"झालं."

भाऊंनी आधी गाडी मिळाली का, जेवण झालं का, तेच विचारलं. मग, "मॅडम, हा महिना तं याच तुमी. पुढचं... मले माफ करा जी."

"तुमी तरी काय करसान, भाऊ," ती म्हणाली, आणि ते तिनं मनापासूनच म्हटलं.

परतवाड्यामार्गे जाणारी अमरावती गाडी लागली होती. खिडकीची जागा मिळाली. सामान ठेवायला जागा नव्हती म्हणून नारळ मांडीवर घेतला, आणि गार वारा येत होता म्हणून शाल अंगावर राहू दिली. अंजनगावला एक म्हातारी शेजारी येऊन बसली. तिनं आधी नारळ पाहिला, मग शाल, मग दीपमालेचं तोंड.

"रिटायर झाली काय व, माय?"

दीपमाला त्रेचाळीस वर्षांची होती.

"हो, मावशी," ती म्हणाली. "आजच झाली."

"बरं झालं, मानानं सुटली," म्हातारी म्हणाली. गाडी हलली तेव्हा तिनं दीपमालेच्या खांद्यावरून घसरलेली शाल वर ओढून नीट केली आणि पुन्हा एकदा तिच्याकडं निरखून पाहिलं.

"वय तं काई दिसत नाई व तुयं."