एक इंच काळा कागद

बाइंडरबाई नवऱ्याच्या कॉम्प्युटरला सवत म्हणायची. तोंडावर म्हणायची, चारचौघांत म्हणायची, आणि नवरा नुसता हसायचा. त्याला सगळे ऑपरेटर म्हणत. आयुष्यभर तेच काम केलेलं, त्यामुळे निवृत्तीनंतरही नाव चिकटून राहिलं. सवतही कशी, तर चांगली ऐसपैस. माणसाच्या उंचीची दोन लोखंडी कपाटं, शेजारी एक टाइप करायचं धूड, आणि मागची खोली अख्खी आपल्या नावावर करून बसलेली. कचेरीनं भंगारात काढली तेव्हा ऑपरेटर तिला टेम्पोत घालून घरी घेऊन आला. तेव्हापासून त्या खोलीत साधी बादली ठेवायची तरी बाइंडरबाईला विचारावं लागे.

सगळं असंच हसतखेळत चाललं असतं, पण तिचं पुस्तकबांधणीचं दुकान ज्या इमारतीत होतं ती पाडायची ठरली. खळ, दाभण, दोरे, दाबायचा प्रेस हे सगळं कुठंही मावलं असतं. कटिंग मशीनचं काय करायचं? ओतीव लोखंडाचं ते मशीन म्हणजे तिचा उजवा हात. ते गेलं की धंदा गेला. आणि ते पेलेल अशी पक्की जमीन घरात एकाच खोलीत होती.

हे त्याला सांगायला तिची जीभ रेटेना. सवत म्हणून चिडवणं वेगळं आणि तिला खरंच घराबाहेर काढा म्हणणं वेगळं. शेवटी एकदा वाटाणे सोलता सोलता तिनं खाली मान घालून सांगून टाकलं. ऑपरेटरनं ऐकून घेतलं, हातातली शेंग पुरी सोलली आणि म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवशी तो शिडी घेऊन मागच्या खोलीत गेला आणि उजव्या भिंतीवर, बरोबर कपाटाच्या डोक्यावर, एक नवा दिवा बसवून आला.

"अहो, कपाटाच्या टाळक्यावर उजेड पाडून काय करायचंय?" ती म्हणाली. "डोकं ठिकाणावर आहे ना?"

"असू दे," तो म्हणाला.

माणूस दुखावला की काहीबाही करतो, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं. मनात मात्र टोचत राहिलं.

मग ऑपरेटरनंच जुन्या यंत्रांच्या संग्रहालयात फोन केला. तिथली बाई बघायला आली. तरुण होती, भराभर बोलणारी, आणि कपाटाचं दार उघडल्यावर तिचे डोळे चमकले हे बाइंडरबाईनं टिपलं.

"काका, मला हे हवंय," ती म्हणाली. "पण बंद यंत्रांचा आमच्या गोदामात ढीग पडलाय. आणखी एक आणलं तर वरचे मला उभं करणार नाहीत. चालवून दाखवा. पुढच्या आठवड्यात येते, चालू असेल तर लगेच उचलते."

"आणि नाही चाललं तर?" बाइंडरबाईनं विचारलं.

ऑपरेटरनं कपाटाचं दार लावून घेतलं. भंगारवाला गल्लीच्या तोंडाशीच होता.

आता या यंत्राची गंमत अशी, की बंद केलं की ते सगळं विसरून जायचं. चालू केल्यावर तू कोण, तुझं काम काय, हे त्याला पहिल्यापासून सांगावं लागे, आणि ते सांगायचं कागदाच्या पट्टीनं. एक इंच रुंद लांबलचक पट्टी, तिच्यावर आडव्या ओळींत भोकं. यंत्राच्या एका बाजूला वाचक होता: पट्टीवर उजेड पाडायचा, भोकातून पलीकडे गेला की त्याला कळायचं इथं भोक आहे. दुसऱ्या बाजूला पंच होता, तो खटाखट भोकं पाडायचा. एक पट्टी वाचून तिची नक्कल दुसरीवर पाडायची सोयही होती, आणि तेवढ्यासाठी यंत्राला आधी काही शिकवावं लागत नसे. ऑपरेटरकडे सुरुवातीची पट्टी एकुलती एक उरली होती. काळी, वाळक्या पानासारखी कडक, कडेला चिरा गेलेली.

"ही आणखी एकदा जाईल," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा नाही. त्या एका वेळेत नक्कल पाडून घ्यायला हवी."

नक्कल पाडायची तर कोरी पट्टी हवी, आणि ती आता कुणी करत नव्हतं. ऑपरेटरनं ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन केले. जुन्या तार कचेरीतला दोस्त म्हणाला, होती एक पेटी, उंदरांनी संपवली. दुकानातल्या बिलाचे रोल रुंद निघाले आणि इतके लेचेपेचे की पंचानं त्यांचा लगदा केला. टाइपचं सामान विकणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मोठ्या प्रेमानं एक पुडकं पाठवलं, उघडून बघतात तर जखमेवर लावायची चिकटपट्टी. ऑपरेटर ते पुडकं मांडीवर घेऊन बसून राहिला.

"कागद पाहिजे ना?" बाइंडरबाई शेवटी म्हणाली. "मग गावभर कशाला हिंडताय? तुम्ही संसार कुणाशी केलात?"

ऑपरेटरला खरंच सुचलं नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून तिचा कागद आणि त्याचा कागद एकच, हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

तिनं दुकानात नेऊन त्याच्यापुढे नमुने टाकले. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून लावायचा काळा अस्तराचा कागदही होता. ऑपरेटरनं तो बाजूला सारला. "काळ्यावर पेन्सिलीची खूण दिसत नाही. पांढरा दे. रंगाला काय करायचंय, भोकं नीट पडल्याशी मतलब." पांढरा कागद चिवट होता. तिनं तो मशीनवर कापला, आणि एक इंच म्हणजे एक इंच, केसभर इकडे नाही की तिकडे. तुकडे जोडताना जोडाशी जाडी येऊन पंच अडकू नये म्हणून दोन्ही टोकं सुरीनं तिरकी तासली आणि खळीनं चिकटवली. वरून बोट फिरवलं तर जोड सापडत नव्हता. ऑपरेटरनं हातभर तुकडा घेऊन भोकं पाडली, वाचकातून काढली, सगळं ठीक. तो इतका खूश झाला की शिट्टी वाजवायला लागला, आणि त्याला शिट्टी येत नाही.

"आता याला थोडं तेल लागेल," तो म्हणाला. "पंचाच्या सुया सुक्या कागदावर झिजतात. मी पहिल्यांदा नोकरीला लागलो तिथं पट्टीच तेलात भिजवून यायची."

"ते माझ्यावर सोडा," ती म्हणाली.

आणि तिथंच घोटाळा झाला. बाइंडरबाईला तेल म्हटलं की चामड्याची बांधणी आठवायची. चामड्याला तेल द्यायचं ते पोटभर द्यायचं, हात आखडायचा नाही. शिवाय मनात अपराधीपणाचं ओझं होतंच. आपल्यामुळं जाणार आहे, निदान आपल्याकडून काही कमी पडायला नको. तिनं पट्टीला सढळ हातानं तेल पाजलं, फडक्यानं पुसलं, गुंडाळी करून दिली.

नक्कल पाडताना सुया लोण्यातून गेल्यासारख्या चालल्या. जुनी पट्टी वाचकातून शेवटपर्यंत गेली, बाहेर पडली, आणि ऑपरेटर उचलायला गेला तर तिचे हातात तुकडे आले. तिनं आपलं काम केलं होतं. त्यानं ते तुकडे हळूच एका डब्यात ठेवले.

मग त्यानं नवी पट्टी लावली. यंत्र ढिम्म. पुन्हा लावली, पुन्हा ढिम्म. वाचक काय वाचतोय ते बघावं म्हणून नव्या पट्टीची आणखी एक नक्कल पाडली, तर पंचातून चाळणी बाहेर आली! प्रत्येक ओळीत जिथं जिथं भोक पडू शकतं तिथं तिथं भोक. ऑपरेटरनं वाचकाची काच पुसली, दिवा बदलला, तारा तपासल्या. पुन्हा चाळणीच.

तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "जाऊ दे. भंगारवाल्याला सांगून ठेव."

इतकी वर्षं बाइंडरबाई चेष्टेत हेच तर मागत होती, आणि आता मिळतंय तर नको झालं. तिला रडू यायला लागलं, आणि ते दिसू नये म्हणून ती नवी पट्टी हातात घेऊन खिडकीकडे वळली. उगीच बोटांवरून सरकवत राहिली. सरकवता सरकवता थांबली. कागदाआड तिचं बोट दिसत होतं. नखसुद्धा.

"अहो," ती म्हणाली, "तुमचा तो वाचक उजेडावर चालतो ना?"

"हो."

"मग हे बघा. तळणाखालच्या कागदासारखी झालीय. तेलानं आरपार उजेड जातोय. त्याला सगळीकडे भोकंच दिसणार." आणि मग एकदमच म्हणाली, "मी केलं हे. चामड्यासारखं तेल पाजलं मी तिला."

ऑपरेटर उठून आला. त्यानं पट्टी उजेडापुढे धरली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. मग कपाळावर हात मारला. "तेलाची पट्टी होती तिथं वाचकाला सुया होत्या, गं! सुया चाचपून भोकं ओळखायच्या, त्यांना उजेडाशी काय देणंघेणं. आणि इथं कचेरीत सगळ्या पट्ट्या काळ्या यायच्या. मला जन्मभर वाटत आलं, मळखाऊ म्हणून काळ्या!"

"मळखाऊ," ती म्हणाली.

"साहेबांनाही मी तेच सांगायचो."

मग दोघांना असं हसू फुटलं की ऑपरेटरला पुन्हा स्टुलावर बसावं लागलं.

हसून झाल्यावर अडचण होती तिथंच होती. भोकं सगळी बरोबर पडली होती, पण ती होती या एकाच पट्टीवर, आणि ती यंत्राला वाचता येत नव्हती. तेल काही काढता येत नव्हतं. शाई फासली तर तेलावर ठरणार नव्हती. बाइंडरबाईनं मात्र तोवर दुकानाच्या किल्ल्या उचलल्या होत्या. पुस्तकाच्या पानांच्या कडा काळ्या करायला ती काजळीसारखी बारीक पूड वापरायची, आणि तेलकट हातावर ती बसली की साबणानंही निघायची नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? हात धुऊन धुऊन ती वैतागलेली.

पट्टी टेबलावर पसरली. ती कापसाच्या बोळ्यानं पूड चोळत पुढे जायची, तो मागून एकेक ओळ फुंकून भोकं मोकळी करायचा. दोघांचीही तोंडं काळी झाली. मग तिनं पट्टी खिडकीपुढे धरली. भोकांतून उजेडाचे ठिपके दिसले, बाकी मिट्ट काळोख.

"आता तुमची पाळी," ती म्हणाली.

या वेळी पंचात ऑपरेटरनं बाजूला सारलेला काळा अस्तराचा कागद होता, कोरडा, जोड तासून जोडलेला. तेल द्यायचं ते सुयांच्या बुडाशी एका फडक्याला, तेही थेंबभर, आणि तेलाची बाटली ऑपरेटरच्या ताब्यात. पूड लावलेली पट्टी वाचकातून सरकली. पंच खडखडला. चाळणी आली नाही. ओळींमागून ओळी भोकं पडत गेली, इथं दोन, तिथं पाच, जुन्या पट्टीवर होती तशीच. ती काळी नक्कल लावून ऑपरेटरनं कळ दाबली. पट्टी सरसरत आत गेली, शेवट आला, आणि टाइपाच्या धुडानं कागदावर एकच खूण उठवली.

"हे काय?" तिनं विचारलं.

"विचारतंय," तो म्हणाला, आणि त्या खुणेवर बोट ठेवलं. "काय काम आहे, विचारतंय."

संग्रहालयाची बाई आली तेव्हा यंत्रानं तिला वर्गमुळांचं लांबलचक कोष्टक टाइप करून दिलं. बाईनं कोष्टकाकडे एकदा पाहिलं आणि पट्टी हातात घेतली ती ठेवेचना.

"काकू, ही कुठून मिळवलीत? आमच्याकडे तीन यंत्रं नुसत्या पट्टीवाचून मुकी आहेत."

"माझ्याकडे होती," बाइंडरबाई म्हणाली. "विचारलंच नव्हतं कुणी."

कपाटं गेली. खोली भलतीच मोठी दिसायला लागली. ऑपरेटरनं झाडून घेतली, आणि संध्याकाळी हमालांनी लोखंडी रुळांवरून कटिंग मशीन ढकलत उजव्या भिंतीला आणून लावलं. बाइंडरबाईनं पाहिलं, पात्यापाशी अंधार होता. तिनं भिंतीवरचं बटण दाबलं.

उजेड बरोबर पात्यावर पडला. तिनं हात पुढे केला, तरी हाताची सावली कापायच्या रेघेवर आली नाही.

ती त्या दिव्याकडे बघत राहिली. "हा तुम्ही त्या दिवशी बसवलात," ती म्हणाली. "मी सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा संग्रहालयाचं नावसुद्धा निघालं नव्हतं. तेव्हा तर सगळं भंगारातच जाणार होतं."

"ते कुठंही जावो," ऑपरेटर म्हणाला. "तुझं मशीन तर इथंच येणार होतं ना. तुला पात्याखाली सावली चालत नाही."

बाइंडरबाईनं काळ्या कागदाचा ताव उचलला, दिव्यापुढे धरला, कुठून कणभर उजेड येत नाही ना ते पाहिलं, आणि पात्याखाली सरकवला. तीन मुक्या यंत्रांसाठी पट्टी हवी होती. ती कापत गेली, तासत गेली, जोडत गेली, आणि ऑपरेटर समोर बसून गुंडाळत गेला.

पहिली गुंडाळी पुरी झाली तेव्हा संग्रहालयातून त्याला बोलावणं आलं होतं. आपलं यंत्र लोकांना चालवून दाखवायला यायचं, आता दर आठवड्याला. त्यानं ठेवणीतला सदरा घातला, भांग पाडला, आणि गुंडाळी उचलायला मागच्या खोलीत आला.

"आधी हात दाखवा," ती म्हणाली. "तेलकट नाहीत ना?"

त्यानं दोन्ही हात उलटसुलट करून दाखवले. तिनं गुंडाळी त्याच्या हातात दिली, दिवा मालवला, आणि एप्रन काढून खुंटीला अडकवला.

"थांबा, मीपण येते," ती म्हणाली. "बघू दे तरी, मी बेतलेलं घालून सवत कशी दिसते."